वाडीवरील मजुरी, बयाणा आणि नवी वेतनसंहिता

वसई तालुक्यातील बागाईतदारांमध्ये अलीकडे एक समजूत बरीच रूढ झालेली दिसते. ती अशी की, मजुरीसंबंधीचे जे नवे कायदे अमलात आले, त्यांचा भार कारखानदारांवर आहे. पाच माणसांपर्यंत गडी ठेवणाऱ्या शेतकऱ्यास त्यांतून सूट दिलेली आहे. सबब आपण निश्चिंत असावे. आगाशी, निर्मळ, गास, भुईगाव ह्या बाजूच्या वाड्यांवर तीन-चार कायमच्या माणसांपेक्षा अधिक माणसे सहसा नसतात, म्हणून ही समजूत तेथे फार लवकर पटते. परंतु तिच्यात सत्याचा अंश थोडा आणि धोका पुष्कळ आहे. म्हणून सदर कायद्यात आपणाविषयी नेमके काय लिहिले आहे, आणि आवणीची माणसे वाडीवर येण्यापूर्वी आपण काय करून ठेवले पाहिजे, ह्याचा विचार ह्या लेखात करण्याचे योजिले आहे.

ता. २१ नोव्हेंबर २०२५ रोजी केंद्रसरकारने चार श्रमसंहिता अमलात आणिल्या. पूर्वीचे एकोणतीस कायदे त्यांत गोळा केलेले आहेत. त्यांपैकी शेतकऱ्याशी सर्वांत निकटचा संबंध येतो तो २०१९ च्या वेतनसंहितेचा. १९४८ चा किमान वेतनाचा कायदा, १९३६ चा वेतन देण्याविषयीचा कायदा, १९७६ चा समान वेतनाचा कायदा हे तिच्यात सामावले गेले. आता ध्यानात घ्यावयाची पहिली गोष्ट ही की, शेतमजुरास किमान मजुरी मिळाली पाहिजे हा नियम आजचा नाही. १९४८ च्या कायद्याच्या परिशिष्टात शेतीचे नाव पहिल्या दिवसापासून होते. तो नियम होता, पण त्याकडे कोणी फारसे पाहात नसे, एवढाच काय तो फरक. नव्या संहितेने किमान मजुरीचा हक्क विवक्षित धंद्यांच्या यादीतून काढून कामावर ठेवलेल्या प्रत्येक माणसापर्यंत नेला आहे. एकच गडी ठेवणारा मालकही तिच्या अर्थाने मालक आहे.

मग पाच माणसांची सूट कोणती? ती संहितेच्या ५० व्या कलमात आहे. ह्या कलमाने मालकावर तीन कामे घातली आहेत: माणसांची, हजेरीची व मजुरीची नोंदवही ठेवणे, दर, मजुरीची मुदत, मजुरी देण्याचा दिवस इत्यादी मजकुराचा फलक लावणे, आणि प्रत्येकास मजुरीची चिठ्ठी देणे. शेतीच्या किंवा घरकामाच्या नोकरीत पाचांहून अधिक माणसे नसतील तर मालकास ही तीन कामे माफ आहेत. सूट एवढीच. दर माफ नाही, मजुरी वेळेवर देणे माफ नाही, आणि ज्या वाक्याने सूट दिली त्याच्याच शेपटास दुसरे वाक्य जोडलेले आहे की, निरीक्षकाने मागणी केल्यास अशा मालकाने मजुरी दिल्याचा वाजवी पुरावा त्याच्यापुढे ठेविला पाहिजे. वही ठेवण्याची सक्ती नाही. पण पुरावा मात्र हवा. वहीवाचून पुरावा कोठून आणावयाचा, हे कलमात सांगितलेले नाही!

दुसरे असे की, ज्याच्या वाडीवर एरवी तीन माणसे असतात, त्याच्याच भाताच्या खाचरात आवणीच्या आठवड्यात वीस माणसे वाकलेली असतात. कापणी-झोडणीला तितकीच. त्या दिवसांपुरता हा मालक पाचांच्या आतला राहात नाही. सूट माणसांच्या संख्येला चिकटलेली आहे, सातबाराच्या उताऱ्याला नाही. तेव्हा ज्याला वर्षातून आठ दिवस का होईना सहावे माणूस लावावे लागते, त्याने सूट नाहीच असे समजून वागावे हे शहाणपणाचे, असे आमचे मत आहे.

परंतु खरी कळ ह्याहून पुढे, ५९ व्या कलमात आहे. मजुराने मजुरी मिळाली नाही, कमी मिळाली किंवा तिच्यातून गैर कपात झाली असा दावा केला, तर मजुरी पावती केल्याचे शाबीत करण्याचा भार मालकावर आहे. व्यवहारात आपण नेहमी म्हणतो की, ज्याचा आरोप त्याने पुरावा द्यावा. येथे तसे नाही. मजुराने 'मिळाले नाही' म्हणावे आणि आपण 'दिले' हे दाखवावे. असा दावा आणण्यास आता तीन वर्षांची मुदत आहे. १९४८ च्या कायद्यात ती सहा महिन्यांची होती. दावा मजूर स्वतः करू शकतो, त्याची नोंदलेली संघटना करू शकते, निरीक्षकही करू शकतो. आणि अनेक मजुरांचा मिळून एकच अर्ज चालतो.

आपल्याकडील बहुतेक व्यवहार तोंडी व विश्वासाचा आहे. त्यात लबाडी असतेच असे नाही. प्रस्तुत लेखकाच्याच वाडीवरची गोष्ट सांगतो. केळीला माती लावण्यासाठी आलेला एक गडी दिवाळीनंतर पुन्हा आला आणि म्हणाला, माझे अकरा दिवस राहिले. मी पैसे दिल्याचे मला स्पष्ट आठवत होते; ते कोणत्या बावखलाच्या काठी उभे राहून दिले, हेही आठवत होते. पण लेखी म्हणावे तर भिंतीवरच्या दिनदर्शिकेत पेन्सिलीच्या काही फुल्या, त्यांतल्या निम्म्या दूधवाल्याच्या. गडी खोटे बोलत होता असे मला आजही वाटत नाही. मधल्या काळात त्याने तीन वाड्यांवर काम केले होते व त्याची गल्लत झाली असावी. माझीही झाली नसेल कशावरून? अखेर मी पैसे दिले. त्या वेळी ते अकरा दिवसांचे होते म्हणून निभावले.

मोठ्या रकमेचा हिशेब कसा होतो ते पाहा. हे आकडे केवळ उदाहरणाचे आहेत. समजा, आवणीला वीस बाया बारा दिवस होत्या, आणि सरकारने ठरविलेल्या दरापेक्षा त्यांना दररोज साठ रुपये कमी पडले. साठ गुणिले वीस, म्हणजे दिवसाचे बाराशे. बारा दिवसांचे चौदा हजार चारशे. ही रक्कम तर द्यावीच लागेल. शिवाय दावा ऐकणाऱ्या अधिकाऱ्यास तिच्या दहापटीपर्यंत भरपाई ठरविण्याचा अधिकार आहे. म्हणजे आणखी एक लाख चव्वेचाळीस हजारांपर्यंत. ह्याखेरीज कमी मजुरी देणे हा गुन्हा असून त्यास पन्नास हजार रुपयांपर्यंत दंड आहे. पाच वर्षांच्या आत तोच गुन्हा पुन्हा शाबीत झाल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. नोंदवही न ठेवल्याबद्दलचा दंड दहा हजारांपर्यंतचा असून त्या बाबतीत निरीक्षकाने आधी लेखी सूचना देऊन चूक सुधारण्यास अवधी द्यावयाचा असतो. कमी मजुरीच्या बाबतीत असा अवधी देण्याचे बंधन त्याच्यावर नाही. कोणती चूक कायदा क्षम्य मानतो व कोणती नाही, हे ह्यावरून कळून येईल.

तपासणीची तऱ्हाही बदलली आहे. निरीक्षकास आता सुविधाकार असे जोडनाव मिळाले आहे, म्हणजे त्याने सल्लाही द्यावा अशी अपेक्षा आहे. तपासणीची योजना संगणकावरून चालावी आणि माहिती त्याच मार्गाने मागविली जावी, अशी तरतूद संहितेत केलेली आहे. तेव्हा साहेब बांधावर आला तर पाहून घेऊ, हा जुना भरवसा सोडावा. बांधावर कोणीच न येता घरी पत्र येऊ शकेल.

आता वहीकडे वळू. दुकानदाराची कीर्द-खतावणी आपणास नको. दोनशे पानी, बांधलेली, पाने आधीच क्रमांक घातलेली एक वही घ्यावी. सुटे कागद घेऊ नयेत. ते वाऱ्याने जातात आणि पुराव्यात त्यांची किंमत कमी. प्रत्येक माणसास एक पान द्यावे. माथ्यावर त्याचे पूर्ण नाव, गाव-पाडा, कामावर आल्याची तारीख, कामाचा प्रकार व ठरलेला दर लिहावा. खाली तारखेवार हजेरी, कामास लागल्याची व सुटल्याची वेळ, त्या दिवसाची मजुरी, कपात असल्यास तिचे कारण, हाती दिलेली रक्कम, आणि सही किंवा अंगठा. अंगठा घेताना ते पान मोठ्याने वाचून दाखवावे आणि शेजारी, शक्य तर मजुरांपैकीच, वाचता येणाऱ्या एकाची साक्ष घ्यावी. पुढे दाव्याच्या वेळी न वाचलेल्या कागदावरील अंगठा आपल्या बाजूने फारसे बोलत नाही. हल्ली पुष्कळ मजुरांची बँकेत खाती आहेत. त्यात पैसे भरल्यास तो पुरावा आपोआपच होतो. रोख देणे कायद्यास मान्य आहे, फक्त ते नाण्या-नोटांत हवे. भाताचे माप, केळीचे लोंगर किंवा दुकानाची चिठ्ठी देऊन मजुरी फिटत नाही. खुशीने दिलेले केळे हा पाहुणचार समजावा, तो वहीत मजुरी म्हणून चढवू नये.

वही किती दिवस ठेवावी? दाव्याची मुदत तीन वर्षांची असल्याने तितकी तर हवीच. आम्ही पाच म्हणू. आपल्याकडील पावसाळी दमटपणात वाळवी कागदाचे काय करते, हे निराळे सांगावयास नको. म्हणून दर शनिवारी पानाचे छायाचित्र मोबाईलवर काढून ठेवण्याची सवय चांगली.

मजुरीचा दर मात्र ह्या लेखात छापीत नाही, आणि तसे मुद्दामच. दर राज्यसरकार अधिसूचनेने ठरविते व तो वेळोवेळी बदलतो. छापील अंक वर्षभर कपाटात राहतो आणि जुना आकडा खरा वाटू लागतो. जुन्या कायद्याखाली काढलेल्या अधिसूचना नव्या संहितेशी विरोधी नसतील तोवर चालू राहतात, एवढे ध्यानात ठेवावे, आणि लागू असलेला दर कामगार खात्याच्या जिल्ह्यातील कार्यालयातून लेखी घेऊन वहीच्या पहिल्या पानास चिकटवावा. मुंबईचे बांधकाम जवळ असल्याने आपल्याकडील चालू मजुरी पुष्कळ ठिकाणी सरकारी दराच्या वर असते, असा अनेकांचा अनुभव आहे. तो खरा असेलही. पण ती वर आहे हेही कागदावरच दिसावयास पाहिजे, आणि बायांच्या मजुरीच्या बाबतीत तसे दिसेलच असे छातीठोकपणे कोणी सांगावे?

कारण पुरुषास एक दर आणि बाईस दुसरा, ही आपली वहिवाट आहे. एकाच किंवा सारख्याच कामासाठी स्त्रीपुरुष म्हणून दरात भेद करता येत नाही. हे १९७६ पासून आहे. वहीत 'पुरुष दर', 'स्त्री दर' असे दोन रकाने आखणारा मालक आपल्याविरुद्धचा पुरावा आपल्याच हाताने लिहितो. दर कामाला लावावा: राब खणणे, आवणी, फवारणी, पाने खुडणे, लोंगर वाहणे. पानमळ्यात पाने खुडणे किंवा पहाटे मोगऱ्याच्या कळ्या तोडणे ही कामे पुष्कळदा उक्त्याने, म्हणजे गणतीवर वा वजनावर दिली जातात. त्यास हरकत नाही. मात्र केवळ दिवसाचा दर ठरलेला असेल, तर उक्त्याची मजुरी त्या दिवसाच्या दराखाली येता कामा नये.

पावसाचा प्रश्न आपल्या बाजूस विशेष आहे. माणसे सकाळी आली, नऊ वाजता सरी सुरू झाल्या, खाचर तुडुंब भरले, दुपारी त्यांना परत पाठविले, आणि अर्धा रोज दिला. असे कोण करीत नाही? संहितेचे दहावे कलम सांगते की, दिवसाच्या दराने ठेवलेल्या माणसाने पूर्ण वेळ काम केले नाही तरी, नियमांत सांगितलेले अपवाद सोडल्यास, त्यास पूर्ण दिवसाची मजुरी द्यावयाची. ते स्वतःहून काम सोडून गेले तर गोष्ट निराळी. काम पुरविणे मालकाकडे आहे, मग ते पावसाने थांबो वा विजेच्या पंपाने. म्हणून आवणीच्या दिवसांत पर्यायी काम आधी योजून ठेवावे: गोठ्याची डागडुजी, सुकेळ्यांच्या चटया विणणे, काठ्या तासणे. उलट पक्षी, ठरलेल्या तासांपलीकडे झोडणी चालविली तर त्या वेळेची मजुरी दुपटीने द्यावी लागते, हेही जमेस धरावे.

मुकादमामार्फत माणसे आणणाऱ्यांस असे वाटते की, आपण मुकादमास पैसे दिले म्हणजे आपले काम संपले. तसे होत नाही. मुकादमाने पुढे मजुरी दिली नाही तर ती जागेच्या मालकाकडून वसूल होऊ शकते. तेव्हा मुकादमास त्याची दलाली निराळी द्यावी, आणि मजुरी प्रत्येकाच्या हाती आपण स्वतः द्यावी.

येथवर जे सांगितले ते मुख्यतः हिशेबाचे झाले. ह्यापुढचा विषय बयाण्याचा. आमच्या मते वसईच्या शेतकऱ्यास खरा धोका तेथे आहे, आणि त्याविषयी आपण फार कमी बोलतो.

जव्हार, मोखाडा, विक्रमगड, वाडा ह्या बाजूची वारली, कातकरी, मल्हार कोळी कुटुंबे पिढ्यानपिढ्या खाली समुद्रपट्टीच्या वाड्यांवर व भट्ट्यांवर कामास येत आली आहेत. माणूस हंगामाला यावा म्हणून गणपती-दिवाळीच्या सुमारास त्याच्या हाती काही रक्कम द्यावयाची, आणि ती पुढे कामातून फेडून घ्यावयाची, ह्यास आपण बयाणा म्हणतो. घाटावर उचल म्हणतात. देणाऱ्यास वाटते, आपण अडल्या माणसास मदत केली. घेणाऱ्याची ती गरज असते हेही खरे. तरी कायदा ह्या रकमेकडे इतक्या संशयाने का पाहतो, हे समजून घेण्यास आपल्याच जिल्ह्याचा इतिहास पाहावा लागतो.

जुन्या ठाणे जिल्ह्यात लग्नगडी नावाचा प्रकार होता. आदिवासी तरुणाने लग्नाच्या खर्चासाठी जमीनदाराकडून थोडे पैसे घ्यावयाचे आणि त्यांच्या फेडीसाठी नवराबायकोने त्याच्या घरी राबावयाचे. व्याज, धान्य, दंड चढत जाऊन ते कर्ज फिटतच नसे, आणि मरताना बाप ते मुलाच्या अंगावर टाकून जाई. मुंबई सरकारने नेमलेल्या सिमिंग्टन ह्या अधिकाऱ्याने १९३८ च्या सुमारास आपल्या अहवालात ह्या प्रकाराचे वर्णन केले. १९४५ च्या मे महिन्यात तेव्हाच्या उंबरगाव तालुक्यातील झरी येथे किसान सभेच्या वतीने वारल्यांची परिषद भरली. गोदावरी व शामराव परुळेकर ह्यांच्या नेतृत्वाखाली वेठ व लग्नगडी बंद करण्याचा आणि दिवसाला बारा आणे मजुरीचा आग्रह धरण्यात आला. त्याच वर्षी १० ऑक्टोबरला तलवाडा येथे जमावावर गोळीबार होऊन माणसे मेली. बारा आण्यांची मागणी त्या काळी कित्येक जमीनदारांस अराजक वाटली होती, हे आज आठवले म्हणजे मन थोडे खाली होते.

ही गोष्ट डहाणू-तलासरीची, वसईची नव्हे, असे कोणी म्हणेल. पण १९७६ चा वेठबिगार निर्मूलनाचा कायदा होऊन काही वर्षे लोटल्यावरही वसई तालुक्यातच बांधलेली माणसे निघाली. १९८२ साली स्थापन झालेल्या श्रमजीवी संघटनेने ह्याच तालुक्यातून वेठबिगारांच्या मुक्ततेचे काम सुरू केले, आणि तिचे संस्थापक विवेक पंडित ह्यांस १९९९ साली लंडनच्या गुलामगिरीविरोधी संस्थेचे पारितोषिक मिळाले. आपल्या तालुक्याचे नाव जगात ह्या कारणाने जावे, ही भूषणाची बाब की दुसरी, हे ज्याचे त्याने ठरवावे.

१९७६ चा तो कायदा श्रमसंहितांत विरघळलेला नाही. तो स्वतंत्रपणे जिवंत आहे. त्याच्या दृष्टीने साखळदंड लागत नाही. आगाऊ रकमेच्या बदल्यात माणसाने नाममात्र मजुरीवर राबणे, अथवा ठराविक मुदतीत दुसरीकडे काम करण्याचा किंवा मनास येईल तेथे जाण्याचा हक्क गमावणे, एवढ्याने वेठबिगारी सिद्ध होते. किमान दरापेक्षा कमी ती नाममात्र मजुरी. १९८२ साली दिल्लीच्या आशियाई क्रीडांच्या बांधकामावरील मजुरांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तर असे ठरविले की, किमान मजुरीहून कमी मोबदल्यात काम घेणे हीच राज्यघटनेच्या २३ व्या अनुच्छेदाने मना केलेली सक्तीची मजुरी होय. अशा व्यवहारातील कर्ज कायद्याने बुडते, करार रद्द होतो, आणि कर्ज वेठीचे नव्हते हे दाखविण्याचा भार येथेही देणाऱ्यावरच असतो. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैदेची आहे. शिवाय मजूर अनुसूचित जमातीचा असेल आणि मालक अनुसूचित जाती-जमातींचा नसेल, तर १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याचे कलम त्यास येऊन मिळते. आपल्या खाचरात उतरणाऱ्या माणसांपैकी बहुतेक त्या जमातींचे आहेत.

आता वेतनसंहिता बयाण्याविषयी काय म्हणते ते पाहू. काम सुरू होण्यापूर्वी दिलेली आगाऊ रक्कम पहिल्या पूर्ण मुदतीच्या मजुरीतून वळती करून घ्यावयाची असते. गावाहून येण्याच्या गाडीभाड्यासाठी दिलेले पैसे मुळीच वसूल करावयाचे नाहीत. आणि सर्व कपाती मिळून त्या मुदतीच्या मजुरीच्या निम्म्याहून अधिक होता कामा नयेत. हे तीन नियम एकत्र ठेवून आकडा मांडा. उदाहरणार्थ रोज पाचशे धरला व मजुरी आठवड्याने दिली, तर सहा दिवसांचे तीन हजार, त्याचे निम्मे दीड हजार. कायद्याच्या चौकटीत सहज बसणारा बयाणा एवढाच. महिन्याने मजुरी देणाऱ्यास ही मर्यादा थोडी वाढेल. पण वीस-पंचवीस हजारांचा बयाणा द्यावयाचा आणि तो फिटेपर्यंत चार महिने माणूस धरून ठेवावयाचा, ही रीत कोणत्याही हिशेबाने ह्या चौकटीत बसत नाही.

ह्यावर शेतकऱ्याचे म्हणणे काय असते, ते आम्ही जाणतो. बयाणा घेऊन माणूस दुसऱ्याच्या वाडीवर गेला, तर आमची आवणी कोणी करावयाची? रोपे राबात पिवळी पडतात, पाऊस थांबत नाही. ही अडचण खोटी नाही, आणि तीस कायद्यात औषधही नाही. परंतु त्यावर मालकाने जे करू नये ते स्पष्ट आहे. माणसास आणण्यासाठी पाड्यावर चारचौघे पाठवू नयेत. त्याचे आधारपत्र किंवा शिधापत्रिका ठेवून घेऊ नये. 'बयाणा फिटेपर्यंत जाता येणार नाही' असे तोंडाने बोलू नये, लिहून तर नाहीच. त्याच्या जागी बायको वा मुलगा राबेल असा बोल करू नये. आणि आगाऊ रकमेवर व्याज लावू नये; परवान्यावाचून व्याजाने पैसे लावण्याचा धंदा हा २०१४ च्या सावकारी नियमनाच्या कायद्याने निराळा गुन्हा आहे. बुडालेला बयाणा दिवाणी मार्गाने मागता येईल तर मागावा, नाही तर वाहून गेलेल्या रोपासारखा नुकसानीत टाकावा.

मार्ग काय? आमच्या पाहण्यात जे बागाईतदार माणसांवाचून अडत नाहीत, त्यांच्याकडे बयाणा मोठा नसतो. आठवड्याचा हिशेब चोख असतो. शनिवारी संध्याकाळी पैसे मिळतात ही खात्री पाड्यावर पोहोचली, की सोमवारी माणसे परत येतात. ज्यांना अडीअडचणीत रक्कम द्यावयाचीच आहे, त्यांनी ती मजुरीच्या पानावर न लिहिता वहीच्या शेवटच्या भागात निराळ्या पानावर, बिनव्याजी हातउसनी म्हणून लिहावी. 'ह्या रकमेचा कामाशी संबंध नाही. काम कधीही सोडता येईल' हे वाक्य तेथेच लिहून वाचून दाखवावे, आणि त्याप्रमाणे खरेच वागावे. कागदावर एक आणि बांधावर दुसरे असेल, तर वही आपल्यास वाचविणार नाही. पाच-सहा शेजाऱ्यांनी मिळून आवणीच्या तारखा आधी वाटून घेतल्या, तर एकाच टोळीस सलग तीन आठवडे काम लागते व बयाण्याची गरजच उरत नाही. आपल्या संघामार्फत असे वेळापत्रक गावोगाव करता येण्याजोगे आहे.

उन्हाळ्यात तालुक्याच्या पूर्वेकडे, कामण-पारोळच्या बाजूस, जे शेतकरी स्वतः वीटभट्टी लावतात किंवा भट्टीस जमीन भाड्याने देतात, त्यांनी भट्टी ही शेती नव्हे हे ओळखावे. पाच माणसांची सूट तेथे मुळीच नाही. दहा मजूर झाले की सुरक्षेची व आरोग्याची निराळी संहिता लागू होते. भट्टीचा विषय मोठा आहे, त्यास स्वतंत्र लेख पाहिजे.

कुटुंबासह आलेल्या मजुरांची मुले बापाबरोबर खाचरात उतरतात. चौदा वर्षांखालील मुलास कोणत्याही कामावर ठेवणे २०१६ च्या दुरुस्तीनंतर पूर्णपणे मना आहे; शाळा सांभाळून स्वतःच्या घरच्या कामास मदत करण्याची मुभा आहे, ती आपल्या वाडीवर दुसऱ्याच्या मुलास लागू पडत नाही. दंड वीस ते पन्नास हजारांचा, कैद सहा महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंतची. मूल रोप उचलून आईस देत होते, मजुरी दिली नव्हती, ही सबब चालावयाची नाही.

राहता राहिला अपघात. ट्रॅक्टर, विजेवर चालणारी यंत्रे, मळणीयंत्र, कूपनलिका आणि कीटकनाशकांची फवारणी ह्या कामांत मजुरास इजा झाल्यास भरपाईची जबाबदारी मालकावर येते. हे तत्त्व १९२३ च्या कायद्यापासूनचे असून आता सामाजिक सुरक्षेच्या संहितेत आहे. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व मजूर दगावले. आपल्या केळीच्या व पानवेलीच्या बागा दाट, वारा कमी, आणि फवारा डोक्याच्या वर मारावा लागतो. म्हणजे औषध अंगावर पडणे ठरलेलेच. मुखपट्टी, हातमोजे, अंगभर कपडा आणि कामानंतर साबणाने अंघोळीस पाणी ही मालकाने द्यावयाची आहेत. ती दिल्याची नोंदही त्याच वहीत, त्याच दिवसाच्या रकान्यात करावी. जो गडी फवारणीस नाही म्हणेल त्यास त्या दिवशी दुसरे काम द्यावे.

वहीचा आरंभ अक्षयतृतीयेस करावा असे आम्ही सुचवितो. राब भाजून झालेले असतात, माणसे अजून थोडी असतात, आणि चार नावांवर हात बसला म्हणजे मृगानंतर वीस नावे लिहिताना त्रास होत नाही. ज्यांस पान कसे आखावे हे प्रत्यक्ष पाहावयाचे असेल, त्यांनी संघाच्या कचेरीत येताना आपली कोरी वही बरोबर आणावी.